समवाय की संयोग? : वर्गातील लेखन आणि इतर विषय यांच्या संबंधाचा तौलनिक विचार

१९३७ साली वर्ध्यात भरलेली शिक्षण परिषद आणि त्यानंतरच्या झाकिर हुसेन समितीचा अहवाल यांतून जी शिक्षणयोजना आकाराला आली, तिच्या परिभाषेतील एक शब्द वाङ्मयाच्या अभ्यासकाने आवर्जून थांबून पाहावा असा आहे. तो शब्द म्हणजे 'समवाय'. हस्तोद्योग आणि पाठ्यविषय यांची सांगड, एका विषयातून दुसऱ्या विषयाचे ज्ञान, अशा अर्थाने नयी तालीमच्या लेखनात तो रूढ झाला. मूळ शब्द वैशेषिक दर्शनातला. तेथे दोन प्रकारच्या संबंधांत काटेकोर भेद केला आहे. दोन स्वतंत्र द्रव्ये एकमेकांना येऊन भिडतात आणि पुन्हा विलग होऊ शकतात, तो संयोग. आणि ज्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत, त्यांचा समवाय. समवायाचे परंपरागत उदाहरण तंतू आणि पट यांचे. सूत कातणे हा जिचा गाभा होता त्या योजनेने नेमका तंतुपटाच्या दृष्टान्तातला शब्द उचलावा, यात एक मार्मिक औचित्य आहे. अर्थात टकळीवरून इतिहास-भूगोलाकडे ओढूनताणून नेणारे पाठ पुढे याच योजनेवरील टीकेचा विषय झाले, हेही विसरता येत नाही. नाव समवायाचे आणि व्यवहार संयोगाचा, अशी ही विसंगती होती.

भाषेच्या तासाला इतर विषय आणि इतर विषयांच्या तासाला लेखन, अशी देवाणघेवाण करणाऱ्या उपक्रमांची आज सर्वत्र चलती आहे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने भाषा ही सर्व विषयांच्या शिक्षणात गुंतलेली असते हे तत्त्व मांडले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कलेशी एकात्म आणि कथाकथनावर आधारलेल्या अध्यापनाचा पुरस्कार केला. इतिहासातील व्यक्तीला पत्र, गणिताची गोष्ट, पाण्याच्या थेंबाचा प्रवास, झाडाची रोजनिशी, असे कितीतरी प्रकार त्यामुळे वर्गात आले आहेत. या लेखनाचा विचार शिक्षणशास्त्राने पुष्कळ केला. साहित्यसमीक्षेने मात्र ते आपले क्षेत्रच नव्हे असे मानले. ही भूमिका टिकणारी नाही. वर्गात जे लिहिले जाते ती संहिता असते. तिला निवेदक असतो, संबोधित असतो, काळाची रचना असते, आकृतिबंध असतो. मराठीत बालसाहित्याची समीक्षा म्हणजे मुलांसाठी लिहिलेल्या साहित्याची समीक्षा, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की मुलांनी लिहिलेले साहित्य तिच्या कक्षेत क्वचितच येते. प्रस्तुत लेखात काही भाषांतील अशा उपक्रमांकडे संहिता म्हणून पाहिले आहे, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला आहे : येथे लेखन आणि विषय यांचा संबंध संयोगाचा आहे की समवायाचा?

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधील अकरा ते अठरा वयोगटातील विद्यार्थ्यांचे सुमारे दोन हजार लेखननमुने तपासले आणि त्यांची व्यवहारी, अभिव्यक्तिपर आणि काव्यात्म अशी विभागणी केली. जवळजवळ दोन-तृतीयांश लेखन व्यवहारी निघाले. अभिव्यक्तिपर लेखन सहा टक्क्यांच्याही आत होते. विषय समजून घेता घेता स्वतःशी बोलणारे, चाचपडणारे जे लेखन, ज्यातून ब्रिटन यांच्या मते इतर दोन्ही प्रकार उगवतात, तेच शाळेत जवळजवळ नव्हते. माहिती आधी, लेखन नंतर, आणि लेखनाचे काम माहिती परत करण्याचे, हा शाळेचा क्रम होता. सर्जनशील उपक्रमांनी हा क्रम मोडला का, की त्याच क्रमाला रंगीत कागद लावला, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मराठी शाळेपुरते बोलायचे तर या प्रकारातला सर्वांत रुळलेला नमुना म्हणजे आत्मवृत्तपर निबंध. 'मी नदी बोलतेय', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'वडाच्या झाडाचे आत्मवृत्त' हे विषय पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. वरवर पाहता भूगोल आणि भाषा यांचा याहून सुरेख मेळ नाही. नदी स्वतः बोलते, उगम सांगते, संगम सांगते, धरण सांगते. परंतु या निबंधाचा घाट जरा बारकाईने तपासला, तर त्यात नदीला स्वतःची अशी दृष्टीच नसल्याचे आढळते. तिचे बालपण अवखळ असते, तारुण्य संथ असते, काठावर देवळे असतात, मग माणसाची कृतघ्नता, प्रदूषण आणि शेवटी कळकळीची विनंती. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघून बंगालच्या उपसागराला मिळणारी गोदावरी आणि पश्चिमेला समुद्र हाकेच्या अंतरावर असलेली कोकणातली आखूड, उतावळी नदी या दोघी या निबंधात एकाच सुरात बोलतात. पहिलीचा गाळ, दुसरीची खाडी, पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला प्रवाह, यांपैकी काहीही त्या 'मी'च्या वाक्यरचनेवर परिणाम करत नाही. प्रथमपुरुषी निवेदन आहे, पण दृष्टिकोन नाही. हा 'मी' नदीचा नसून परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधणाऱ्या विद्यार्थ्याचा आहे. भूगोल काढून घेतला तरी निबंध उभा राहतो. निबंध काढून घेतला तरी भूगोलाचे काही अडत नाही. संयोगाची याहून नेमकी खूण नाही.

दोष प्रकाराचा नाही, हे तौलनिक नजरेने लगेच ध्यानात येते. अठराव्या शतकातील इंग्रजी गद्यात वस्तूंनी स्वतःची कहाणी सांगण्याचा प्रकार अतिशय लोकप्रिय होता. चार्ल्स जॉन्स्टनची १७६० ते १७६५ या काळात प्रसिद्ध झालेली 'क्रिसल' ही कादंबरी त्यातली गाजलेली. तिच्यात एका सुवर्णनाण्याची कहाणी येते. नाणे हाताहातांतून फिरते, आणि ज्याच्या हातात असेल तेवढेच त्याला दिसते. व्यवहार झाला की दृश्य बदलते. म्हणजे विनिमय हा अर्थशास्त्राचा विषय आणि कथानकाचा सांधा एकच झाला. नाण्याच्या जागी दगड ठेवला तर ती कादंबरी लिहिताच येणार नाही. मराठी वर्गातला 'रुपयाचे आत्मवृत्त' हा निबंध याच कुळातला आहे. त्याला ही शक्यता जन्मतःच उपलब्ध होती. परंतु रुपया किती हातांतून गेला, प्रत्येक वेळी त्याची किंमत कोणाला किती वाटली, हे विचारण्याऐवजी 'मी किती श्रेष्ठ' हे सांगण्याकडे तो वळवला गेला. वस्तूच्या मर्यादित ज्ञानातून जी कथा निर्माण होते, तिच्याकडे सर्वज्ञ उपदेशकाच्या आवाजाने दुर्लक्ष केले.

आत्मवृत्ताच्या शेजारी रोजनिशी ठेवून पाहिली की रूपबंधाची निवड हीच ज्ञानाची निवड कशी असते, हे अधिक स्पष्ट होते. मोड आणण्यासाठी ओल्या फडक्यात ठेवलेल्या मटकीचे आत्मवृत्त लिहायचे, तर निवेदकाला शेवट ठाऊक असतो, कोंब फुटणारच. तीच मटकी आठ दिवस पाहून रोजनिशी लिहायची, तर आज लिहिणाऱ्याला उद्याचे ठाऊक नसते. तिसऱ्या दिवशी दाण्याला बुरशी येऊ शकते, फडके वाळू शकते, दोन दाणे फुगून तिसरा तसाच राहू शकतो. रोजनिशीत हे सर्व लिहिता येते, कारण भविष्याविषयीचे अज्ञान हा त्या वाङ्मयप्रकाराचाच धर्म आहे; आणि तोच निरीक्षणावर उभ्या असलेल्या शास्त्राचाही धर्म आहे. आत्मवृत्तात मात्र कुजलेल्या दाण्याला जागा नाही. विज्ञानाच्या तासाला कोणता वाङ्मयप्रकार निवडावा हा प्रश्न सजावटीचा नसून, अपयशाची नोंद करण्याची मुभा मुलाला आहे की नाही, याचा आहे.

या संदर्भात लिओ टॉलस्टॉय यांच्या यास्नाया पोल्याना येथील शाळेकडे वळणे अपरिहार्य ठरते. १८५९ ते १८६२ या काळात टॉलस्टॉय यांनी आपल्या जमीनदारीतील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ही शाळा चालवली आणि १८६२ साली शाळेच्याच नावाचे नियतकालिक काढले. लिहायला कोणी कोणाकडून शिकावे, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून की आपण त्यांच्याकडून, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा त्यांचा निबंध त्यात प्रसिद्ध झाला. कथेची सुरुवात एका म्हणीतून झाली. एका हाताने खाऊ घालून त्याच चमच्याच्या दांड्याने डोळा फोडणाऱ्या उपकारकर्त्याविषयीची ती रशियन म्हण. म्हणीवर गोष्ट लिहा म्हटल्यावर मुलांनी हे आपल्याला जमणार नाही असे सांगितले. तेव्हा टॉलस्टॉय स्वतः लिहायला बसले, आणि मुले खांद्यावरून डोकावून दुरुस्त्या सुचवू लागली. अखेरीस फेद्का आणि स्योम्का ही दोन मुले रात्री उशिरापर्यंत बसून गोष्ट घडवू लागली, आणि लेखणी हातात असलेला लेखक लेखनिक झाला.

फेद्काने सुचवलेल्या एका तपशिलाने टॉलस्टॉय थक्क झाले. गोष्टीत एक शेजारी येतो, आणि त्याच्या अंगात बायकी कोट असतो. हा तपशील कोणत्याही अलंकारशास्त्रातून आलेला नाही. घाईत घराबाहेर पडणारा शेतकरी हाताला येईल तो कोट अंगावर टाकतो. घरात कोट किती, कोणाचे, कोठे टांगलेले, आणि बायकोचा कोट घालण्यात लाज वाटण्याइतकी चैन परवडते की नाही, ही सारी माहिती त्या एका वस्त्रात सामावली आहे. ज्याला आज समाजशास्त्र किंवा परिसर-अभ्यास म्हटले जाते, तो विषय येथे लेखनाला बाहेरून जोडलेला नाही; वाक्यातून तो काढला तर वाक्यच नाहीसे होते. विशेष म्हणजे या विषयातला जाणकार शिक्षक नव्हता, विद्यार्थी होता. समवाय घडण्यासाठी ज्ञान लिहिणाऱ्याच्या बाजूला असावे लागते, ही गोष्ट या प्रसंगाइतकी अन्यत्र क्वचितच ठळकपणे दिसते.

मात्र याच शाळेने उलट बाजूचाही दाखला ठेवला आहे, आणि टॉलस्टॉय यांच्या चाहत्यांकडून तो बहुधा वगळला जातो. इतिहासाचे पाठ मुलांना नीरस वाटत. शेवटी १८१२ सालच्या नेपोलियनच्या स्वारीची हकिकत टॉलस्टॉय यांनी गोष्टीसारखी सांगितली, आणि वर्ग पेटून उठला. त्या संध्याकाळचे वर्णन करून लगेच त्यांनी कबूल केले आहे की, हा इतिहास नव्हता; राष्ट्रभावना चेतवणारी ती कहाणी होती. कथेने विषयाला जवळ केले नाही, गिळले. पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, ज्या कादंबरीचे लेखन सुरू झाले तिच्यात १८१२ची हीच स्वारी आहे. पण तेथे इतिहास कहाणीत विरघळू नये म्हणून लेखकाने अध्यायच्या अध्याय इतिहासमीमांसेवर खर्च केले, इतके की पुष्कळ वाचकांना ते जड वाटतात. वर्गातल्या त्या संध्याकाळच्या यशाने कादंबरीकाराला सावध केले असावे, असे म्हणण्यास जागा आहे. कथाकथनाला अध्यापनपद्धती म्हणून अधिकृत मान्यता मिळालेल्या आजच्या काळात ही सावधगिरी अधिकच मोलाची वाटते. गोष्ट रंगली याचा अर्थ इतिहास कळला असा होत नाही. इतिहासात प्रतिपक्षाचेही म्हणणे असते, पुरावा असतो, पुराव्यातील खिंडारे असतात. रंगलेल्या गोष्टीला यांपैकी कशाचीच गरज नसते.

गुजरातीत गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. १९३०च्या दशकाच्या आरंभीचे हे पुस्तक म्हणजे एका प्रयोगशील शिक्षकाने चौथीच्या वर्गावर केलेल्या प्रयोगांचे प्रथमपुरुषी निवेदन. आणि तो शिक्षक कल्पित आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातील अनुभव त्यामागे उभा आहे, पण पुस्तकाने अहवालाचे नव्हे तर कादंबरीचे रूप घेतले. गोष्टींपासून सुरुवात, मग नाटक, खेळ, वाचनालय, आणि सहकाऱ्यांचा उपहास, असा त्याचा ओघ आहे. तौलनिक दृष्टीने लक्षणीय बाब ही की, येथे सर्जनशील लेखन आणि शिक्षणशास्त्र यांचा समवाय घडतो तो शिक्षकाच्या पुस्तकात. मुले त्यात ऐकतात, खेळतात, नाटक करतात. त्यांनी लिहिलेले मात्र फारसे वाचायला मिळत नाही. ही त्या पुस्तकाची उणीव म्हणण्यापेक्षा त्याची दिशा म्हणावी. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांच्यामार्फत ही दिशा मराठीत आली. बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी केलेल्या कामात, विशेषतः गुरे राखणाऱ्या मुलांसाठीच्या कुरणशाळेत, शाळाच विषयाच्या घरी गेली.

आतापर्यंतच्या विवेचनावरून समवाय श्रेष्ठ आणि संयोग कनिष्ठ, असा समज होण्याची शक्यता आहे. जान्नी रोदारी या इटालियन लेखकाने तो समज ढळवला आहे. १९७० साली अँडरसन पुरस्कार मिळालेल्या रोदारी यांनी १९७२च्या मार्चमध्ये रेज्जो एमिलिया या शहरात शिक्षकांशी काही बैठकांतून संवाद साधला, आणि त्यातून १९७३ साली 'कल्पनेचे व्याकरण' हे पुस्तक सिद्ध झाले. त्यातील प्रसिद्ध युक्ती 'अद्भुत द्विपदा'ची. एकमेकांशी काहीही नाते नसलेले दोन शब्द घ्यायचे, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, आणि त्यांच्यात नाते जोडायचे. हा तर उघड उघड संयोग. किंबहुना शब्द जितके परके तितके चांगले, असा आग्रह.

परंतु येथे वैशेषिकांचाच दृष्टान्त पुन्हा नीट पाहिला पाहिजे. पट तंतूंमध्ये समवायाने राहतो हे खरे. पण तंतू आणि तंतू यांच्यातला संबंध संयोगाचाच असतो, आणि त्या संयोगाशिवाय पट निर्माण होत नाही. दर्शनाच्या भाषेत तंतू हे समवायी कारण आणि तंतूंचा संयोग हे असमवायी कारण. रोदारी यांची द्विपदा हे असे असमवायी कारण आहे. दोन शब्दांना जोडते काय, हे पाहिले की ही गोष्ट उलगडते. इटालियनमध्ये हे काम शब्दयोगी अव्ययांकडे आहे : कपाटासह कुत्रा, कपाटावर कुत्रा, कपाटात कुत्रा, कुत्र्याचे कपाट. प्रत्येक अव्ययागणिक निराळी गोष्ट सुरू होते. मराठीत ही युक्ती आणली की तिचे स्वरूप बदलते. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नामाचे सामान्यरूप व्हावे लागते. 'कुत्रा'चा 'कुत्र्या' आणि 'कपाट'चा 'कपाटा' झाल्याशिवाय ते एकमेकांना भेटूच शकत नाहीत. 'कपाटातला कुत्रा' आणि 'कपाटाचा कुत्रा' यांच्यात पहिला लपलेला आणि दुसरा राखणदार, हा फरक एका प्रत्ययाने होतो. व्याकरणाच्या तासाला विभक्तीचे तक्ते पाठ करणाऱ्या मुलाला प्रत्यय म्हणजे कथानकाची कळ आहे हे असे उमगू शकते. पुस्तकाच्या शीर्षकातील 'व्याकरण' हा शब्द त्यामुळे निव्वळ रूपक राहत नाही. आणि अनुवादाच्या अभ्यासकासाठी येथे एक छोटी पण मोलाची सूचना आहे : वर्गातील उपक्रम एका भाषेतून दुसरीत नेताना त्याची उदाहरणे नव्हे, तर त्याचे व्याकरण अनुवादावे लागते. मराठीतील पुष्कळशा उपक्रमपुस्तिका नेमके उलट करतात. टॉमच्या जागी राजू येतो, सफरचंदाच्या जागी आंबा येतो, आणि वाक्याची घडण तशीच परकी राहते.

रोदारी यांचे पुस्तक आनंदी आहे. त्याच इटलीत, सहा वर्षे आधी, अत्यंत संतप्त असे एक पुस्तक लिहिले गेले. तस्कनीच्या डोंगराळ मुजेल्लो भागातील बार्बियाना या वस्तीत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने चालवलेल्या शाळेतील आठ मुलांनी ते लिहिले. १९६७च्या मे महिन्यात ते प्रसिद्ध झाले आणि जूनमध्ये मिलानी यांचे निधन झाले. नापास करून शाळेबाहेर काढणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेले पत्र, असे त्याचे रूप. मराठी वाचकांना ते 'प्रिय बाई' या नावाने परिचित आहे.

हे पुस्तक कसे लिहिले याची हकिकत पुस्तकातच आली आहे. प्रत्येकाने सुचेल ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर टिपायचे. एके दिवशी साऱ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. पुनरुक्ती बाजूला काढायची. सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे, ती प्रकरणे. गठ्ठ्यांचे पोटगठ्ठे, ते परिच्छेद. परिच्छेदाला नाव देता येत नसेल तर त्यात काही नाही किंवा फार आहे असे समजायचे. मग काढून टाकण्याजोगे शब्द शोधण्याची चढाओढ. शेवटी बाहेरच्या, फार न शिकलेल्या माणसांना वाचून दाखवायचे. सामुदायिक लेखनाच्या या रीतीमागे मारिओ लोदी या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांशी झालेला पत्रव्यवहार होता. आणि लोदी यांच्या मागे, १९२४ पासून वर्गात छापखाना बसवून मुलांचे मुक्त लेखन छापणाऱ्या आणि शाळाशाळांत पत्रव्यवहार घडवणाऱ्या सेलेस्तीन फ्रेने या फ्रेंच शिक्षकाची परंपरा. पुनरुक्ती काढणे, वर्ग पाडणे, वर्गाला नाव देणे, अनावश्यक ते वगळणे, या क्रिया जितक्या संपादनाच्या तितक्याच गणिताच्या आहेत.

आणि गणित खरोखरच या पुस्तकात आहे. शाळेतून गळणाऱ्या मुलांची संख्या, ती कोणत्या घरांतली, कोणत्या इयत्तेत गळली, यांचे तक्ते आणि आलेख पत्राच्या ओघात येतात. खासगी पत्रात सांख्यिकी तक्ता हा रूपबंधाचा भंगच. पण तो तक्ता काढला तर उरते ती एका नापास मुलाची तक्रार, आणि शिक्षिका तिला सहज उत्तर देऊ शकते : मुलगा आळशी होता. उलट पत्र काढून नुसता तक्ता ठेवला तर तो कोणालाही उद्देशून नसतो. आकड्यांसमोर कोणाचीही मान खाली जात नाही. तक्त्यामुळे एका मुलाचे दुःख समूहाचे होते, आणि पत्रामुळे समूहाचा आकडा एका व्यक्तीला विचारलेला प्रश्न होतो. विषयांच्या सांगडीची जी उदाहरणे येथे पाहिली त्यांत समवायाच्या सर्वांत जवळ पोहोचलेले हे उदाहरण मानावे लागेल. ते सर्वांत कमी 'सर्जनशील' दिसते, हेही नोंदवण्यासारखे आहे. त्यात कल्पित काही नाही, चित्र नाही, गंमत नाही. मुलांना त्या गणिताची गरज होती, इतकेच.

भारतातील तुल्य उदाहरण विज्ञानाच्या वर्गात सापडते. १९७२ साली मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांच्या पुढाकाराने सोळा माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो पुढे नेला, आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. 'बाल वैज्ञानिक' या त्याच्या हिंदी पाठ्यपुस्तकात निष्कर्ष छापलेले नसत; प्रयोग करून, आपल्या टोळीत चर्चा करून ते मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचे. म्हणजे पाठ्यपुस्तक ही अर्धवट संहिता होती आणि तिचा उत्तरार्ध मुलाच्या वहीत होता. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची परवानगी असे, कारण उत्तर पुस्तकात नव्हतेच.

या कार्यक्रमातील वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत वेधक निर्मिती म्हणजे 'सवालीराम'. हे एक कल्पित पात्र. मुले त्याला पत्र लिहून मनात येईल तो प्रश्न विचारीत, आणि सवालीरामच्या नावाने उत्तर जाई. पत्र, कल्पित संबोधित आणि विज्ञान यांचा हा मेळ साधा दिसतो. पण बार्बियानाच्या पत्राशेजारी ठेवल्यावर त्याची खासियत कळते. बार्बियानाच्या पत्राचा संबोधित खरा आहे आणि विरोधी आहे. तेथे वाक्य विधानाचे, आरोपाचे. सवालीराम कल्पित आहे आणि मित्र आहे. तेथे वाक्य प्रश्नाचे. शाळेत प्रश्न विचारण्याचा अधिकार परंपरेने शिक्षकाचा आणि परीक्षकाचा. मुलाला प्रश्न विचारायचा तर त्याला समोरच्याची भीती वाटू नये, आणि म्हणून समोरचा माणूस अस्तित्वातच नसलेला बरा, ही या कल्पनेतील चतुराई. कल्पित पात्र निर्माण करण्याचे साहित्याचे जे जुने सामर्थ्य, ते येथे विज्ञानाच्या सोयीसाठी राबले नाही. विज्ञानाचा पहिला व्यापार, म्हणजे प्रश्न विचारणे, त्याच्यामुळेच शक्य झाला. प्रश्नार्थक वाक्य हेच येथे एकाच वेळी भाषा आणि शास्त्र आहे. ज्या नर्मदेच्या काठी हे घडले तिच्यावर मराठी शाळांत आत्मवृत्तपर निबंध लिहिले जातात. सवालीरामला पत्र लिहिणारे मूल मात्र नदीच्या वतीने बोलत नाही, नदीविषयी विचारू शकते.

मराठीत याच वृत्तीचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. लीला पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाचे नाव या संदर्भात प्रथम घ्यावे लागते. तरीही मराठी समीक्षेने शिक्षकांचे अनुभवकथन वाचले, मुलांच्या वह्या वाचल्या नाहीत.

वह्या वाचायच्या ठरवल्या तर पहिली अडचण कर्तृत्वाची येते. वर्गातील संहिता कोणाची? मूल लिहिते, शिक्षक विषय देतो, शेजारचे मूल शब्द सुचवते, शिक्षक पुन्हा दुरुस्त करतो. लेखक एक असतो आणि तो स्वायत्त असतो, या गृहीतावर उभी असलेली समीक्षा येथे गडबडते. मौखिक परंपरा, ओव्या, लोककथा यांच्या अभ्यासात तौलनिक साहित्याने या गृहीताशी पूर्वीच फारकत घेतली आहे. वर्गातील लेखनाला तीच साधने लागू पडण्यास हरकत नाही. येथे एक व्यावहारिक प्रश्नही गुंतलेला आहे. अशा लेखनाला गुण द्यायचे कोणी, भाषेच्या शिक्षकाने की विज्ञानाच्या? 'बी मेले' एवढेच लिहिणाऱ्या मुलाला निबंधाच्या कसोटीवर दोन गुण पडतील, निरीक्षणाच्या कसोटीवर कदाचित पूर्ण. दोघांनी निरनिराळे गुण देऊन बेरीज करायची, ही जी सोय पुष्कळ ठिकाणी काढली जाते, ती संयोगाचीच कबुली आहे.

कर्तृत्वाच्या प्रश्नाला या लेखातील दोन संहितांनी दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. फेद्का म्हणजे वासिली मोरोझोव्ह. मोठेपणी त्याने कथा लिहिली; १९०८ साली तिला टॉलस्टॉय यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे त्याने आठवणीही लिहिल्या, आणि त्या यास्नाया पोल्यानाच्या शाळेतील विद्यार्थ्याने लिहिलेल्या टॉलस्टॉय यांच्या आठवणी म्हणूनच प्रसिद्ध झाल्या. बायकी कोटाचा शोध लावणारा मुलगा साहित्याच्या इतिहासात आजही आपल्या गुरूच्या निबंधातील एक पात्र आहे, तेही बदललेल्या नावाने. बार्बियानाच्या पुस्तकावर आठांपैकी कोणाचेही नाव नाही, मिलानी यांचेही नाही. लेखकाच्या जागी छापले आहे : बार्बियानाची शाळा.